७.३८ सेकंद आणि चौसष्टावा क्रमांक

१५ सप्टेंबर २०१८. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावात ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ अलाबामाशी खेळत होता. यजमानांची पहिलीच चाल. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जॉर्डन टाआमू याने चेंडू लांब भिरकावला, डीके मेटकाफ नावाच्या रिसीव्हरने, म्हणजे झेल घेणाऱ्याने, तो पळता पळता घेतला आणि चेंडू गोलरेषेपार गेला: ७५ यार्डांचं टचडाउन. घरचं मैदान, पहिलीच चाल, समोर अलाबामासारखा संघ. लोकांना आणखी काय हवं होतं? त्यानंतर मात्र ओल मिसला एकही गुण मिळाला नाही. सामना अलाबामाने ६२-७ असा जिंकला.

पुढे सात महिने मेटकाफवरून जे भांडण पेटलं, त्याची दोन्ही टोकं या एका सामन्यात होती. एक गट ती पहिली चाल पुन्हा पुन्हा दाखवायचा. दुसरा विचारायचा, उरलेल्या तासाभरात हा कुठे होता?

हा वाद मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणाऱ्या रिसीव्हरची पारख कशी करायची, त्यात आकडा कुठे कामी येतो आणि कुठे चकवतो, हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित दिसतं. शिवाय यात दोन्ही बाजूंचे लोक मूर्ख नव्हते. दोघांच्याही हातात खरी माहिती होती.

आधी ड्राफ्टबद्दल थोडं, कारण आपल्याकडे आयपीएलच्या लिलावामुळे वेगळं चित्र डोळ्यांसमोर येतं. लिलावात दोन संघांना एकच खेळाडू हवा असला की भाव चढतो. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्याला पहिली संधी आणि विजेत्याला शेवटची. खेळाडूला संघ निवडता येत नाही, आणि त्याच्या पहिल्या कराराची रक्कम तो कितव्या क्रमांकावर घेतला गेला यावर जवळपास ठरलेली असते. त्यामुळे चाहत्यांचा वाद ‘हा चांगला की वाईट’ इथे थांबतच नाही. पहिल्या दहात घ्यावा का, पहिल्या फेरीच्या शेवटी का, की दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं? एका क्रमांकावर जो सौदा शहाणपणाचा असतो, तोच वीस क्रमांक वर गेला की महागात पडू शकतो.

मेटकाफ ऑक्सफर्डचाच. वडील टेरेन्स मेटकाफ ओल मिसकडूनच खेळले आणि २००२ साली तिसऱ्या फेरीत शिकागो बेअर्सने त्यांना घेतलं. म्हणजे ओल मिसच्या लोकांसाठी हा घरचा मुलगा. पण या घरच्या मुलाने तीन मोसमांत मैदानावर काढलेला वेळ तसा थोडाच. २०१६ मध्ये दोन सामने, दोन झेल, दोन्ही टचडाउन, आणि मग पायाचं हाड मोडलं. २०१७ हा एकच पूर्ण मोसम: ३९ झेल, ६४६ यार्ड, ७ टचडाउन. २०१८ मध्ये सात सामन्यांत २६ झेल आणि ५६९ यार्ड झाले, आणि १३ ऑक्टोबरला आर्कन्सॉविरुद्ध मानेला दुखापत झाली. मोसम तिथेच संपला. सगळी बेरीज ६७ झेल, १,२२८ यार्ड, १४ टचडाउन.

त्याच संघात, त्याच क्वार्टरबॅककडून चेंडू घेणारा ए. जे. ब्राउन होता. त्याने एकट्या २०१८ मध्ये ८५ झेल आणि १,३२० यार्ड केले. मेटकाफच्या अख्ख्या कॉलेज कारकिर्दीहून जास्त, तेही एका वर्षात. शंका घेणाऱ्यांचा हा पहिला आणि दणदणीत मुद्दा होता: संघातलाच दुसरा मुलगा जास्त झेल घेतो, जास्त यार्ड काढतो, मग पहिल्या फेरीची भाषा याच्याबद्दल का?

उत्तर फेब्रुवारी २०१९ मध्ये एका फोटोने दिलं, निदान लोकांनी तसं मानलं. व्यायामशाळेतला उघड्या अंगाचा मेटकाफ, दंड मांडीएवढे. शेजारी ब्राउन, जो स्वतः काही लहान चणीचा नाही, पण त्या फोटोत शाळकरी दिसत होता. त्याच सुमारास मेटकाफच्या शरीरात फक्त १.६ टक्के चरबी असल्याचा आकडा फिरू लागला. तो मला कधीच पटला नाही. माणसाला जगायला लागणारी चरबीच त्याहून जास्त असते. पण आकडा पसरला, कारण तो फोटोला शोभत होता.

मग २ मार्च, इंडियानापोलिस. कम्बाइन म्हणजे ड्राफ्टआधीची सामूहिक चाचणी. मेटकाफची उंची सहा फूट तीन इंचांहून थोडी जास्त, वजन २२८ पौंड, म्हणजे साधारण १०३ किलो. ४० यार्ड तो ४.३३ सेकंदांत पळाला. उभ्या जागेवरून ४०.५ इंच उडी. जागेवरून लांब उडी ११ फूट २ इंच. २२५ पौंडांचा बार छातीवरून २७ वेळा उचलला. एवढ्या वजनाचा माणूस एवढ्या वेगाने पळतो हे पाहून अनेकांनी त्याला थेट पहिल्या दहात नेऊन बसवलं. केल्विन जॉन्सनचं नाव निघालं. जॉन्सन २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला होता आणि रिसीव्हरच्या इतिहासातल्या थोरांपैकी एक. एका सकाळच्या धावेवरून त्याच्याशी तुलना करणं घाईचं होतं.

त्याच दिवशी दुसऱ्या दोन चाचण्या झाल्या. तीन शंकूंची फेरी: ७.३८ सेकंद. वीस यार्डांची शटल, म्हणजे मागे-पुढे धाव: ४.५०. दोन्ही वेळा रिसीव्हरच्या मानाने फार संथ. लगेच कोणीतरी जुनी नोंद काढली. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने, ज्याला चपळ म्हणून कोणी कधी ओळखलं नाही, २००० साली याच दोन चाचण्या ७.२० आणि ४.३८ मध्ये केल्या होत्या. ब्रेडीपेक्षा संथ! हा दाखला जो सुटला तो थांबेचना. ज्याला ४.३३ आवडायचा तो ४.३३ सांगायचा, ज्याला ७.३८ बोचायचा तो ७.३८. दोघेही एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे आकडे सांगत होते.

त्या दोन चाचण्या नीट पाहिल्या की वाद कशावर होता ते कळतं. तीन शंकूंच्या फेरीत शंकू एकमेकांपासून पाच-पाच यार्डांवर, काटकोनात मांडलेले असतात. पाच यार्ड जा, वाका, रेषेला हात लाव, मागे फीर, पुन्हा जा, दुसऱ्या शंकूला वळसा, तिसऱ्याला गिरकी, परत. सहा फुटांहून उंच, वरचं अंग जड असलेल्या माणसाला यात प्रत्येक वळणावर आधी स्वतःला थांबवावं लागतं. मेटकाफचं तेच व्हायचं. थांबण्यासाठी तो एकाऐवजी तीन-चार बारीक पावलं टाकायचा, कंबर खाली यायला वेळ लागायचा, आणि मगच अंग फिरायचं. कबड्डीत उंच चढाईपटू निदानरेषेवरून परत फिरताना बघा, तसंच.

रिसीव्हरला हे वळण कुठे लागतं? प्रत्येक रूटमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या धावमार्गात, नाही. ‘कमबॅक’ म्हणजे पंधरा यार्ड सुसाट जाऊन गचकन थांबायचं आणि क्वार्टरबॅकच्या दिशेने परत यायचं. ‘कर्ल’ तसाच, कमी अंतराचा. स्लॉटमधून, म्हणजे आतल्या जागेवरून, बचावपटूला एकीकडे हुलकावणी देऊन दुसरीकडे सुटायचं असेल तर त्यालाही असंच अंग लागतं. पण ‘गो’ म्हणजे नाकासमोर पळत सुटणं. ‘स्लँट’ म्हणजे तीन पावलं आणि तिरका छेद. ‘पोस्ट’ म्हणजे खोल जाऊन गोलखांबांकडे झुकणं. यात वेग मोडावा लागत नाही, फक्त वाकवावा लागतो.

आणि एक गोष्ट अशी की ती शंकू मोजतच नाहीत. १०३ किलोंचा माणूस ४.३३ च्या वेगाने अंगावर येतो तेव्हा समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, काय करतो? तो मागे सरतो. सात यार्ड, आठ यार्ड जागा सोडतो, कारण एकदा का हा पाठीमागे गेला की संपलं. कॉर्नरची कंबर घाबरून आधीच वळली की रिसीव्हरने पाचव्या यार्डावर नुसतं थबकलं तरी चेंडू त्याचाच. म्हणजे सरळ वेगामुळे आखूड रूटही मोकळे होतात, वळण थोडं ढोबळ असलं तरी. समजा कॉर्नरने जागा न सोडता सुरुवातीलाच छातीला हात लावून अडवलं, तर गाठ जवळपास ३५ इंच लांब हातांशी आणि त्या २७ वेळा बार उचलणाऱ्या खांद्यांशी. वादातले फार थोडे लोक इथपर्यंत येत होते. बहुतेकांची चर्चा ‘वळतो की नाही’ इथेच अडकायची.

मला शंका घेणाऱ्यांचं म्हणणं तेव्हा पटत होतं, आणि त्यातलं अर्धं आजही पटतं. ओल मिसमध्ये मेटकाफ बहुतेक वेळा एकाच बाजूला, बाहेरच्या जागेवर उभा राहायचा. रूट मोजकेच. आतली जागा ब्राउनची. त्यामुळे याला बाकीचे रूट येत नाहीत, की याला कोणी दिलेच नाहीत, हे चित्रफितीवरून ठरवता येत नव्हतं. समर्थक म्हणायचे, दिलेच नाहीत. विरोधक म्हणायचे, येत असते तर दिले नसते का? झालेल्या सामन्यांत याचं उत्तरच नव्हतं, आणि तरी दोन्ही बाजू छातीठोक बोलत होत्या.

विरोधकांकडे केविन व्हाइटचं उदाहरणही होतं. हाही धिप्पाड, ४.३५ ला पळणारा. २०१५ मध्ये बेअर्सने सातव्या क्रमांकावर घेतला. दुखापतींमुळे चार वर्षांत जेमतेम २५ झेल. कॉलेजात एकच भरीव मोसम, आणि अंग बघून वर उचललेला, हे साम्य डोळ्यांआड करण्यासारखं नव्हतं. व्हाइटला मुळात दुखापतींनी संपवलं, शंकूंनी नाही. पण मग हाच धडा मेटकाफला जास्त लागू पडत होता.

कारण खरा प्रश्न मानेचा होता. शंकूंवर जितकं बोललं गेलं त्याच्या निम्म्यानेही मानेवर बोललं गेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. मानेचं हाड मोडलेलं. तू पुन्हा खेळू शकणार नाहीस असं आपल्याला सुरुवातीला सांगण्यात आलं होतं, हे मेटकाफने स्वतः नंतर सांगितलं आहे. डॉक्टरांची परवानगी मिळाली, कम्बाइनला तो उतरलाही. पण प्रत्येक संघाचा वैद्यकीय चमू आपापला निर्णय घेतो आणि तो बाहेर येत नाही. चाहत्यांच्या हातात शंकूंचा आकडा होता, दशांश चिन्हाच्या पुढे दोन स्थळांपर्यंत. मानेचा आकडा नव्हता. जे मोजलेलं सापडलं त्यावर सगळे तुटून पडले.

२५ एप्रिलला नॅशव्हिलमध्ये ड्राफ्ट सुरू झाला. पहिल्या फेरीत दोन रिसीव्हर गेले: २५ व्या क्रमांकावर मार्कीस ब्राउन बाल्टिमोरला, ३२ व्यावर एन्कील हॅरी न्यू इंग्लंडला. दुसऱ्या दिवशी ३६ वर डीबो सॅम्युएल. ५१ वर ए. जे. ब्राउन टेनेसीला. मग ५६, ५७, ५९, ६२, एकामागून एक चार रिसीव्हर, आणि मेटकाफ अजून बसलेलाच. दुसऱ्या फेरीची शेवटची, ६४ वी निवड न्यू इंग्लंडकडे होती. सिअ‍ॅटल सीहॉक्सने त्यांना आपली ७७ वी आणि ११८ वी निवड देऊन ती घेतली आणि मेटकाफचं नाव पुकारलं. रिसीव्हरांमध्ये नववा. प्रशिक्षक पीट कॅरल यांचा फोन आला तेव्हा तो रडत होता, आणि इतका वेळ का लावलात, असं विचारत होता. ती चित्रफीत पाहताना त्याच्यावर सात महिने वाद घातलेल्या कोणाच्याही पोटात कालवलं असेल. बावीसही पूर्ण नसलेला मुलगा होता तो.

यात सिअ‍ॅटलला द्रष्टं ठरवायची घाई करू नये. त्याच ड्राफ्टमध्ये २९ व्या क्रमांकावर त्यांनी एल. जे. कॉलियर घेतला, ४७ व्यावर मार्कीस ब्लेअर. म्हणजे त्यांनीही मेटकाफला दोनदा सोडला होता. २९ ला नको असलेला माणूस ६४ ला धावत जाऊन घ्यावासा वाटला, याचा अर्थ त्यांच्याही मनात धास्ती होती. फक्त त्या क्रमांकावर ती परवडत होती. सुरुवातीला क्रमांकाबद्दल म्हटलं ते यासाठीच.

पण निवडल्यावर सिअ‍ॅटलने जे केलं ते मात्र शहाणपणाचं होतं. तिथे क्वार्टरबॅक होता रसेल विल्सन, उंच, लांब, अलगद पडणारा चेंडू टाकण्यात तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी. बारीक, अचूक रूटसाठी टायलर लॉकेट होता. त्यामुळे मेटकाफला पहिल्या वर्षी सगळं शिकून दाखव असं कोणी म्हणालं नाही. जे येतं ते कर: खोल पळ, तिरका छेद दे, अंगाचा वापर करून चेंडू घे. २०१९ मध्ये ५८ झेल, ९०० यार्ड, ७ टचडाउन.

५ जानेवारी २०२० ला प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियात सामना होता. तिसऱ्या सत्रात विल्सनने लांब चेंडू टाकला, मेटकाफ तो घेऊन पडला, कोणाचा हात लागायच्या आत उठला आणि गोलरेषेत झेपावला. ५३ यार्ड. शेवटच्या मिनिटांत, तिसरा डाउन, म्हणजे चारांपैकी तिसरा प्रयत्न, आणि दहा यार्ड हवे असताना, सिअ‍ॅटलने पुन्हा त्याच्याकडेच ३६ यार्डांचा चेंडू टाकला आणि सामना खिशात घातला, १७-९. त्याचे १६० यार्ड हा पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा प्लेऑफमधला तेव्हाचा विक्रम होता. तो पुढे जानेवारी २०२४ मध्ये पुका नाकुआने मोडला. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना हे दुहेरी झोंबलं, कारण ५७ व्या क्रमांकावर त्यांच्या संघाने मेटकाफला सोडून जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला होता. त्याने तिथे तीन वर्षांत मिळून १६ झेल घेतले.

मेटकाफचं म्हणून लोकांच्या डोळ्यांत जे दृश्य राहिलं आहे त्यात तर झेलच नाही. २५ ऑक्टोबर २०२०, अ‍ॅरिझोना. विल्सनचा चेंडू अ‍ॅरिझोनाच्या बूडा बेकरने गोलरेषेजवळ पळवला आणि समोर मोकळं मैदान. बेकर स्वतः जलद. मागे कितीतरी यार्डांवर मेटकाफ. तो पळू लागला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि हात सरळ रेषेत जात-येत होते, शंभर मीटरच्या धावपटूचे असतात तसे. ताशी २२.६४ मैल, म्हणजे ३६ किलोमीटरहून जास्त वेग. शेवटच्या दहा यार्डांत त्याने बेकरला मागून गाठून पाडलं. तिथून अ‍ॅरिझोनाला चार प्रयत्नांत एकही गुण काढता आला नाही. सामना सिअ‍ॅटल हरलंच, ३७-३४. पण ४.३३ हा आकडा मैदानावर कसा दिसतो ते त्या धावेत दिसलं. पुढच्या मे महिन्यात तो कॅलिफोर्नियात खऱ्या धावपटूंबरोबर १०० मीटर पळाला: १०.३६ सेकंद. आपल्या शर्यतीत शेवटचा आला, आणि तरी त्या वजनाच्या माणसाची ती वेळ थक्क करणारी होती.

मग शंका घेणारे चुकले का? रिसीव्हर म्हणून ए. जे. ब्राउन जास्त परिपूर्ण आहे हे त्यांचं म्हणणं पहिल्याच वर्षी खरं ठरलं: ५२ झेलांत १,०५१ यार्ड. मेटकाफला स्लॉटमध्ये उभं करून चटपटीत रूट पळवता येणार नाहीत, हेही बऱ्याच अंशी खरं राहिलं. त्याचा खेळ वाढला, २०२० मध्ये ८३ झेल आणि १,३०३ यार्ड झाले, पण त्याचा गाभा तोच राहिला. चुकलं ते पुढचं पाऊल: वळता येत नाही, म्हणून खेळता येणार नाही. आणि समर्थकही केल्विन जॉन्सन म्हणण्यात चुकलेच.

माझ्या मते दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारायचा राहिला. याला घेणारा संघ याला कोणतं काम देणार? हॅरीला न्यू इंग्लंडने पहिल्या फेरीत घेतलं आणि जिथे अचूक वेळेवर, अचूक जागी वळावं लागतं अशा पद्धतीत उभं केलं. पहिल्या वर्षी १२ झेल, २०२२ मध्ये त्याला बेअर्सकडे पाठवून दिलं. न्यू इंग्लंडने मेटकाफला घेतलं असतं तर? हा प्रश्न मला आजही सोडत नाही. तोच मुलगा, तेच ४.३३, तेच ७.३८, आणि कदाचित शंकूंवर बोट ठेवणारे आज सगळीकडे मिरवत असते.

एवढं खाली घसरल्याने त्याचं पैशाचं नुकसान झालं, पण पुढे वेगळंच घडलं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी आपल्याकडे धरून ठेवायचा हक्क संघाला असतो. दुसऱ्या फेरीत तो नसतो. म्हणून सिअ‍ॅटलला २०२२ च्या जुलैतच निर्णय घ्यावा लागला आणि मेटकाफने तीन वर्षांचा ७.२ कोटी डॉलरचा करार केला. मार्च २०२५ मध्ये सिअ‍ॅटलने त्याला पिट्सबर्गला दिलं. बदल्यात जी मुख्य निवड मिळाली ती दुसऱ्या फेरीतलीच होती, ५२ वी. सहा मोसम खेळवून झाल्यावर, घेतला होता त्याहून बारा क्रमांक वर.